टाके काढायच्या दिवशी

ठरवून मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन या शल्यविशारदाने केली. ज्या बाईवर ती झाली, तिच्या त्या मूत्रपिंडात दोष काहीच नव्हता. अंडाशयाची गाठ काढताना तिची मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी नळी, दुखावली गेली होती आणि लघवी नको त्या वाटेने सतत झिरपत होती. नळी दुरुस्त होईना. तेव्हा सिमोनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो याची खात्री करून घेतली आणि मग चांगले चालणारे मूत्रपिंडच काढून टाकले. बाई वाचली, सिमोनचे नाव झाले, आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास त्या दिवसापासून मोजला जाऊ लागला. खरे तर तो दिवस मूत्रवाहिनीपुढे हात टेकल्याचा होता. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत ही नळी पुन्हा उभी करण्याच्या बहुतेक सगळ्या रीती शोधून झाल्या. तरीही मूत्रपिंडे आजही याच कारणाने जातात. माझे म्हणणे असे की, ती शल्यविशारदाचे कसब कमी पडले म्हणून फारशी जात नाहीत; नळी दुखावली आहे हे वेळेवर कुणाच्या मनातच आले नाही म्हणून जातात. आणि हे खरे असेल, तर या शस्त्रक्रियेचा निकाल मोठ्या शहरातल्या ऑपरेशन थिएटरइतकाच हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावी लागतो.

आधी ही नळी काय चीज आहे ते पाहू. मोठ्या माणसात तिची लांबी पंचवीस ते तीस सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. लघवी तिच्यातून उतारावरच्या पाण्यासारखी आपोआप वाहत नाही. भिंतीतल्या स्नायूंची लाट मिनिटाला दोन ते सहा वेळा वरून निघते आणि लघवीचा एकेक घोट खाली ढकलते. म्हणून आडव्या पडलेल्या माणसाचेही मूत्राशय भरते. डोंगरकडा-अर्धापूर पट्ट्यात केळी आणि ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला ठिबकची नळी कुठे फुटली तर चिंता नसते. तेवढा तुकडा कापायचा, जॉइनर बसवायचा, पाणी सुरू. मूत्रवाहिनीचे असे होत नाही, कारण तिची भिंत जिवंत आहे आणि त्या भिंतीला स्वतःचे रक्त लागते. हे रक्त बाहेरच्या पातळ वेष्टनातल्या उभ्या धावणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. पोटातल्या भागात त्यांना रसद आतल्या, म्हणजे मणक्याकडच्या बाजूने मिळते आणि ओटीपोटात ती बाहेरच्या बाजूने मिळते. नळी सोडवण्याच्या नादात हे वेष्टन खरवडले गेले, किंवा जवळच रक्त थांबवायला लावलेल्या विजेच्या चिमट्याची धग लागली, तर शस्त्रक्रियेच्या वेळी नळी धडधाकट दिसते आणि आठ-दहा दिवसांनी त्या जागी भिंत मरून गळू लागते. म्हणजे पोट बंद करण्यापूर्वी डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी काही इजा त्या क्षणी दिसणारच नाहीत.

इजा होण्याची सर्वांत धोक्याची जागा गर्भाशयाच्या मुखाशेजारी आहे. तिथे गर्भाशयाची धमनी वरून जाते आणि मूत्रवाहिनी तिच्या खालून, मुखापासून केवळ दीड-दोन सेंटिमीटरवरून. गर्भाशयाची पिशवी काढताना ही धमनी बांधावीच लागते. रक्त उसळले, खालचे दिसेनासे झाले आणि चिमटा घाईत लागला, की नळी चिमट्यात येते, टाक्यात अडकते किंवा कापली जाते. मुतखड्याची दुर्बीण, आतड्याच्या शस्त्रक्रिया, अपघात, क्षयरोग यांनीही मूत्रवाहिनी बिघडते. मात्र शस्त्रक्रियेत होणाऱ्या इजांमध्ये सर्वांत मोठा वाटा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा, हे जगभरच्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसते. प्रमाण किती, याला एक उत्तर नाही. पोट उघडून पिशवी काढताना हजारात एखादीपासून शंभरात दोघींपर्यंत असे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत येतात. एवढा फरक का पडतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. ४७१ स्त्रियांची पिशवी काढल्यावर प्रत्येकीच्या मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंनी लघवी येते का ते पाहिले गेले. मूत्रवाहिनीच्या इजा निघाल्या आठ. त्यांतली दुर्बिणीआधी नुसत्या डोळ्यांना दिसलेली फक्त एक. जिथे शोधत नाहीत तिथे प्रमाण कमी निघते, हे उघड आहे, आणि कमी प्रमाण हे कौशल्याचे प्रशस्तिपत्रक म्हणून मिरवता येत नाही.

आता हे मराठवाड्याशी जोडून पाहू. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे; इथे ते सोळा-सतरा टक्के होते. या चर्चेत अनावश्यक शस्त्रक्रिया, मुकादमाची उचल, खाडा पडला तर कापले जाणारे पैसे यांवर बोलले गेले आणि ते योग्यच होते. मूत्रवाहिनीबद्दल मात्र फारसे कुणी बोलले नाही. शंभरात अर्धी ते एक एवढे मधले प्रमाण धरले, तर १३,८६१ शस्त्रक्रियांमागे सत्तर ते एकशे चाळीस दुखावलेल्या नळ्या होतात. हा माझा हिशेब आहे, मोजणी नाही. साध्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियांत प्रमाण त्याहून कमीही असेल. पण निम्मे धरले तरी प्रश्न उरतोच, की या बायका कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणींना आपले एक मूत्रपिंड आकसून गेले आहे हे ठाऊक आहे. बीडइतके नसले तरी हिंगोली, परभणी, जालना या जिल्ह्यांतूनही टोळ्या ऊसतोडीला जातात, तेव्हा हा एका जिल्ह्याचा प्रश्न समजून चालणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो संतापाचा. नळी कापली म्हणजे डॉक्टरने हलगर्जी केली, त्याला धरा, दुरुस्तीच्या गोष्टी नंतर. अनावश्यक शस्त्रक्रियेपुरता हा संताप रास्त आहे. जी पिशवी काढायलाच नको होती, तिच्यापायी गेलेल्या नळीचे समर्थन होऊ शकत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला, ते यासाठीच. पण गरजेच्या शस्त्रक्रियेत, अनुभवी हातांकडूनही, ही इजा होते. मोठ्या गाठी, आधीच्या सिझेरियनने चिकटलेले अवयव, थांबत नसलेला रक्तस्राव यांत नळी जागच्या जागी नसते. इजा झाली हा गुन्हाच मानला, तर परिणाम एकच होतो: ती लपवली जाते. दुसऱ्या दिवशी कुशीत दुखते म्हणणाऱ्या बाईला वाताची गोळी मिळते आणि सोनोग्राफीची चिठ्ठी कुणी लिहीत नाही, कारण तिच्यात काय निघेल याची धास्ती असते. माझ्या मते इजा होणे आणि इजा न शोधणे या दोन गोष्टींचा न्याय वेगवेगळा व्हायला हवा. दुसरीला माफी कमी असावी.

सापडल्यावर काय करता येते? पुष्कळ काही. आणि यातले बहुतेक जुनेच आहे. शस्त्रक्रियेतल्या इजा बहुधा नळीच्या खालच्या टोकाला, मूत्राशयाजवळ होतात, आणि तिथे बिघडलेला भाग सोडून देऊन चांगले टोक मूत्राशयात नव्या जागी बसवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. चार-पाच सेंटिमीटरची तूट असेल तर एवढ्यावर भागते. त्याहून जास्त असेल तर नळी ताणायची नाही, मूत्राशयालाच वर बोलवायचे: ते मोकळे करून कंबरेच्या आतल्या सोआस स्नायूला टाक्यांनी बांधतात, की सहा ते दहा सेंटिमीटर अंतर भरून निघते. तेही पुरले नाही तर मूत्राशयाच्या भिंतीचा एक पट्टा उचलून, गुंडाळून त्याचीच नळी करतात. इटलीतल्या आकिले बोआरी याने १८९४ मध्ये हे कुत्र्यावर करून दाखवले, आणि आजही बारा-पंधरा सेंटिमीटरची उणीव या पट्ट्याने भरतात. मधल्या भागात लहानशी तूट असेल तर दोन्ही टोके तिरकी कापून, तोंडे रुंद करून एकमेकांना जोडता येतात. सरळ कापून जोडली तर वण आवळत जाऊन जागा अरुंद होते. शिकागोच्या वेलर व्हान हूक याने १८९३ मध्येच जोडणीची एक रीत मांडली होती. जवळजवळ पूर्ण नळी गेली असेल तर लहान आतड्याचा तुकडा तिच्या जागी लावतात. विलार्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९५९ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया रुळवली. मात्र आतडे स्वतःचा स्वभाव सोडत नाही. ते चिकट स्राव करते आणि लघवीतले क्षार, आम्ल परत रक्तात शोषते, म्हणून मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्याला ते झेपत नाही. आणि १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत जेम्स हार्डी याने वरच्या भागात तुटलेल्या नळीसाठी रुग्णाचे मूत्रपिंड काढले खरे, पण ते टाकून न देता त्याच माणसाच्या ओटीपोटात, मूत्राशयाजवळ परत बसवले. सिमोननंतर चौऱ्याण्णव वर्षांनी.

या सगळ्या रीतींमागचे नियम मोजके आहेत: मेलेला भाग पूर्ण काढायचा, रक्तपुरवठा जपायचा, सांध्यावर ताण येऊ द्यायचा नाही, बारीक विरघळणाऱ्या धाग्याने गळती होणार नाही इतपत शिवायचे, आणि आतून एक मऊ स्टेंट ठेवायचा. दोन्ही टोकांना वळण असलेला, जागेवरून न सरकणारा हा ‘डीजे स्टेंट’ रॉय फिनी याने १९७८ मध्ये मांडला, आणि गेल्या अर्धशतकातली खरी मोठी भर मला तीच वाटते. लहान इजेत, नळी सलग असेल तर, दुर्बिणीतून स्टेंट सरकवूनच कित्येकदा काम होते. पोट उघडावेच लागत नाही. लॅप्रोस्कोपी आणि रोबो यांनी टाके घालायची वाट बदलली आहे. टाके तेच आहेत. म्हणून ‘आमच्याकडे रोबो नाही, मग हे कसे होणार’ हा आक्षेप मला लंगडा वाटतो. नांदेडला मूत्ररोग शल्यविशारद आहेत, विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हिंगोलीला २०२४ मध्ये नवे शासकीय महाविद्यालय मंजूर झाले. पैशाच्या बाजूनेही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे पूर्वरूप २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले त्यांत नांदेड होता. सांधा घालणारा हात नांदेड-हिंगोली रस्त्यावरच सापडतो. त्याच्यापर्यंत रुग्ण कधी पोचते, हा मुद्दा आहे.

अडथळ्यापुढे मूत्रपिंड किती दिवस तग धरते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून बऱ्यापैकी कळलेले आहे. नळी पूर्ण बंद होऊन आठवड्यात मोकळी झाली तर मूत्रपिंडाचे काम जवळजवळ पूर्ववत होते. चार आठवडे गेले तर थोडाच हिस्सा परत येतो आणि सहा आठवड्यांनंतर हाती काही लागत नाही. माणसाचे गणित अगदी हेच नाही, अर्धवट अडथळ्याला मुदत जास्त मिळते, पण दिशा हीच. दुरुस्ती केव्हा करावी यावर मात्र जुना वाद आहे. सूज उतरू द्या, तीन महिने थांबा, अशी शिकवण कित्येक वर्षे होती. ओल्या, सुजलेल्या ऊतींत टाके धरत नाहीत हे तिच्यामागचे कारण खरेच होते. पण पहिल्या काही दिवसांतच इजा सापडली, ताप-पू नसला, तर लगेच केलेल्या दुरुस्तीचे निकाल थांबून केलेल्यांइतकेच चांगले येतात, असे नंतरच्या अनुभवाने दाखवले. उशिरा सापडली तर आजही थांबतात. फक्त ते थांबणे आता स्वस्थ बसणे नसते: पाठीतून मूत्रपिंडात बारीक नळी घालून लघवी बाहेर काढतात, मूत्रपिंड वाचवून ठेवतात आणि सहा ते बारा आठवड्यांनी सांधतात. म्हणजे लवकर ओळखल्याने एक शस्त्रक्रिया आणि दोन-तीन महिन्यांची लघवीची पिशवी-नळी वाचते, आणि उशिरा ओळखल्यानेही, अगदीच उशीर नसेल तर, मूत्रपिंड वाचते.

पण दोन मूत्रपिंडे आहेत, एक गेले तर काय बिघडते? हा प्रश्न सिमोनच्या काळापासूनचा आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. मूत्रपिंडदाते एकावर वर्षानुवर्षे जगतात. फरक असा की, दात्याचे उरलेले मूत्रपिंड दहा तपासण्यांतून पारखून घेतलेले असते. पिशवी काढलेल्या पस्तिशीतल्या बाईचे दुसरे मूत्रपिंड कुणी पारखलेले नसते. ते जन्मतः लहान असेल, त्यात खडा असेल, पुढे रक्तदाब किंवा मधुमेह येईल, आणि फडावर उन्हात, अपुऱ्या पाण्यावर, कंबरदुखीला वेदनाशामक गोळ्या घेत तिला अजून पंचवीस वर्षे काम करायचे असते. मूत्रपिंडाचे काम अगदीच संपलेले असेल किंवा रुग्ण फार वृद्ध, फार आजारी असेल, तर ते काढणे आजही शहाणपणाचे ठरते. तो निर्णय मोजूनमापून घ्यायचा असतो. न कळता घडून गेलेली गोष्ट निर्णय म्हणवत नाही.

मग ओळखायचे कसे आणि कुणी? डोंगरकड्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शहरात पिशवी काढून बाई चार-सहा दिवसांत घरी येते, आणि टाके काढायला, ड्रेसिंगला पुष्कळदा जवळच्या दवाखान्यात जाते. हा दिवस साधारण आठवा ते दहावा. धगीने मेलेली नळी गळायला लागते तो काळ हाच, आणि मूत्रपिंड अजून हातात असते तो काळही हाच. म्हणून टाके काढणाऱ्या सिस्टरने विचारायचे प्रश्न माझ्या दृष्टीने या सबंध शस्त्रक्रियेचाच भाग आहेत: ताई, एका कुशीत दुखतं का? थंडी वाजून ताप येतो का? पोट फुगलंय का? आणि सर्वांत महत्त्वाचा, लघवीला नेहमीसारखं होऊनही खाली सारखं ओलं राहतं का? हा शेवटचा प्रश्न फार हुशार आहे. मूत्राशयालाच भोक पडले तर ते पुरेसे भरत नाही आणि लघवी बहुतेक खालूनच जाते. एक मूत्रवाहिनी गळत असेल तर दुसऱ्या बाजूची लघवी मूत्राशयात नीट साठते, बाई वेळेवर लघवीला जाते आणि तरी कपडा भिजतो. मूत्राशयात निळे औषध भरून योनीत कापसाचा बोळा ठेवला, तर पहिल्या प्रकारात तो निळा होतो, दुसऱ्यात ओला होतो पण निळा होत नाही. मोठे यंत्र न लागणारी ही तपासणी आहे. नाहीतर ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून गोळ्यांवर गोळ्या चालतात, आणि बाई लाजेने घड्या बदलत राहते.

या उपायाच्या मर्यादा सांगायला हव्यात. टाक्यात अडकलेली नळी काही वेळा अजिबात दुखत नाही. मूत्रपिंड मुकाट्याने मरते. रक्तातले क्रिएटिनिन तपासून निश्चिंत होणे तर सरळ फसवे आहे, कारण दुसरे मूत्रपिंड भार उचलते आणि आकडा नॉर्मल येतो. (दोन्ही नळ्या बांधल्या गेल्या तर लघवीच थांबते आणि दुसऱ्या दिवशी धावपळ होते, अशा दुर्दैवी बाईचे निदान एकच नळी बांधली गेलेल्या बाईपेक्षा लवकर होते, हा या विषयातला विचित्र न्याय.) मग सगळ्यांचीच सोनोग्राफी करावी का? त्यावरही आक्षेप आहे. शस्त्रक्रियेनंतर थोडी सूज असतेच, तिने मूत्रपिंड किंचित फुगलेले दिसेल, दहा जणींना उगाच नांदेडची फेरी पडेल. शिवाय नळी फुटून गळत असेल तर मूत्रपिंड फुगेलच असे नाही आणि सोनोग्राफी स्वच्छ येऊ शकेल. दोन्ही हरकती खऱ्या आहेत. म्हणून सरसकट सोनोग्राफीपेक्षा, शस्त्रक्रिया अवघड गेली होती अशी नोंद असलेल्या आणि वरच्या प्रश्नांपैकी एकालाही होकार देणाऱ्या बाईची सोनोग्राफी त्याच आठवड्यात, आणि ती स्वच्छ येऊनही तक्रार राहिली तर औषध देऊन उशिराच्या फोटोंसह सीटी, हा क्रम मला पटतो. मूत्रपिंड थोडेच फुगलेले असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणे पुरते. फेरी फुकट गेलेल्या दहा जणींचा खर्च मी नाकारत नाही. एका मूत्रपिंडापुढे तो मला परवडणारा वाटतो.

शस्त्रक्रियेआधीच सगळ्यांच्या नळ्यांत स्टेंट घालावेत, म्हणजे नळी हाताला लागेल, असाही एक प्रस्ताव असतो. त्याने इजा फारशा कमी होतात असे दिसलेले नाही. झालेली इजा तिथल्या तिथे कळायला मात्र मदत होते. ते काम शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंची धार पाहण्यानेही बरेचसे होते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पिशवी काढणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने निदान अवघड गेलेल्या शस्त्रक्रियेनंतर तरी ते करावे. त्याच्याही पलीकडे धगीची उशिरा उमटणारी इजा राहतेच, म्हणून दहाव्या दिवसाचे प्रश्न टळत नाहीत.

दुरुस्ती झाल्यावरची एक बाब तर शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते: स्टेंट साधारण सहा आठवड्यांनी काढावा. मराठवाड्यात ही ओळ अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास नळी सांधलेल्या बाईचा स्टेंट काढायची तारीख येते ती गाळप हंगामाच्या ऐन मध्यात, जेव्हा ती कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडावर असते आणि एका दिवसाचा खाडा जोडप्याच्या उचलीतून वळता होतो. विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात, तो खड्यात जखडतो, आणि वाचवलेले मूत्रपिंड त्याच्याच पायी धोक्यात येते. म्हणून तारीख फक्त डिस्चार्ज कार्डावर असून भागत नाही. ती गावच्या आशाताईच्या वहीत हवी, बाईच्या मोबाइल नंबरासह, आणि ज्या कारखान्याच्या गटात टोळी गेली त्याच्या जवळचे, स्टेंट काढून देणारे रुग्णालय कोणते, हे नाव, ती फडाकडे निघण्यापूर्वीच, तिच्या हातात हवे. मूत्राशयाच्या दुर्बिणीने स्टेंट काढायला भूलही बहुधा पूर्ण लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत बाई मोकळी होते. त्यानंतर तीन महिन्यांनी एक आणि वर्षाने एक सोनोग्राफी, सांधा आवळत तर नाही ना ते पाहण्यासाठी. ती हंगाम संपल्यावर डोंगरकड्याहून हिंगोलीला किंवा नांदेडला जाऊन करता येते.